चौथ्या पानावरची तांबडी रेघ

शहाणी हे काही तिचं कौतुकाचं नाव नव्हतं. सहा वर्षांची असताना तिनं मामाला, म्हणजे ज्याचं स्वतःचं केस कापायचं दुकान आहे अशा माणसाला, कात्री कशी धरावी ते समजावून सांगितलं होतं. मामानं भर गिऱ्हाइकांसमोर हात जोडले आणि म्हणाला, आली आमची शहाणी. तेव्हापासून घरात, गल्लीत, शाळेत ती शहाणीच. आता आठवीत गेली तरी नावाला जागणं तिनं सोडलं नव्हतं.

तर ह्या शहाणीनं वेबसाइट बनवायला घेतली. शाळाशाळांची स्पर्धा होती आणि विषय होता खेळातलं तंत्रज्ञान. बाकीच्या सगळ्या गटांनी चेंडूचे खेळ घेतले, हिनं पळणं घेतलं. वर्गात हशा पिकला. पळायला कसलं आलंय तंत्रज्ञान, दोन पाय असले की झालं, असं कुणीतरी म्हणालं, आणि शहाणीला तेवढंच पुरे होतं. तिला कुणी नाही म्हटलं की तिच्या अंगात बळ संचारतं. शिवाय पळणारी घरातच होती. थोरली बहीण, ताई, दहावीत होती आणि शंभर मीटरमध्ये तिनं नाव काढलं होतं.

जोडीला मुंगी होती. मुंगी म्हणजे वर्गातली सगळ्यांत बारकी मुलगी. बोलणार नाही, पण हातातलं काम खाली ठेवणार नाही. चित्रं, टायपिंग, रंग हे सगळं तिच्याकडे, आणि अक्कल शहाणीकडे, अशी वाटणी शहाणीनंच परस्पर करून टाकली होती. मुंगीनं मान डोलावली आणि कामाला लागली.

पहिल्या पंधरा दिवसांत दोघींनी बरंच काही शिकून घेतलं, आणि सगळं तोंडावर आपटून. आधी शहाणीनं जांभळ्या पानावर पिवळी अक्षरं घातली. बाबांनी लांबूनच विचारलं, हे फटाक्यांचं दुकान आहे का. मग बुटांचा एक झकास फोटो लावला तर पान उघडेना. आई चहा टाकायची, गाळायची, कप समोर आणून ठेवायची, तेव्हा कुठे बुटाची नाडी दिसायला लागायची. त्या दिवसापासून मुंगीनं नियम केला की एकही चित्र न कापता, न आटवता पानावर चढवायचं नाही. मूळ चित्रं मात्र ती वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवायची. टाकून देणं तिच्या स्वभावातच नाही. तिच्या दप्तरात अजून पहिलीतली पेन्सिल आहे.

पानं पाच ठरली होती. पहिलं बुटांचं. दुसरं सुरुवातीला पायाला रेटा देणाऱ्या ठोकळ्यांचं. तिसरं घड्याळाचं, आणि ते सगळ्यांत छान उतरलं होतं, कारण त्यासाठी शिट्टीबाईंनी आपलं जुनं स्टॉपवॉच दोघींच्या हातात दिलं होतं. शिट्टीबाई म्हणजे शाळेच्या खेळाच्या बाई. शिट्टी गळ्यातून कधी उतरत नाही, लग्नाच्या फोटोतसुद्धा असेल असं मुली म्हणतात. बाईंनी सांगितलं, उघडून बघा, मोडलं तर मोडलं. एवढ्या मोठ्या मनाची माणसं शाळेत किती असतात ते तुम्हीच आठवून बघा. चौथं पान होतं शेवटच्या रेघेचं, म्हणजे पहिला कोण आला हे ठरवणाऱ्या कॅमेऱ्यांचं. आणि पाचवं स्पर्धेच्या नियमानं घालावंच लागणारं, 'आम्ही काय शिकलो'. ते शहाणीनं सगळ्यांत शेवटी ठेवलं होतं. सहकार्य, चिकाटी, वेळेचं नियोजन, दहा मिनिटांत खरडता येईल, असं तिचं म्हणणं.

ह्या सगळ्यात शाळेच्या शर्यती आल्या. शंभर मीटरमध्ये जी पहिली येईल ती आंतरशालेय स्पर्धेला जाणार, जागा एकच. मागच्या वर्षी ताईचा घोटा सुजला होता म्हणून तिची संधी हुकली होती. पुढच्या वर्षी ती ह्या शाळेत नसणार. म्हणजे काय ते ह्याच वर्षी. सकाळी साडेपाचला उठून ती पळायची आणि घरातले सगळे गाढ झोपेत आहेत असं समजून दार हळूच लावायची. आई रोज जागी असायची, पण तिनं कधी कळू दिलं नाही.

ताई पहिल्या पट्टीत होती, स्टँडच्या अगदी जवळ. पार पलीकडे सहाव्या पट्टीत उंचाडी होती, ताईच्याच वर्गातली, जिला बाकाखाली पाय कुठे ठेवावेत हे कळत नाही ती. शर्यत सुटली आणि संपली, शंभर मीटरला वेळ तो किती लागणार. दोघी एकदमच आल्या असं सगळ्या स्टँडला वाटलं. रेघेच्या दोन्ही टोकांना एकेक खांब असतो आणि स्टँडकडच्या टोकाला तीन पायऱ्यांची लाकडी घडवंची असते, तिच्यावर उभ्या राहून शिट्टीबाई गेली बावीस वर्षं निकाल देतात. त्यांनी हात वर केला आणि सांगितलं, उंचाडी पहिली, वीतभरानं.

ताई घरी येऊन न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि तासभर रडली. बादली भरून वाहून गेली तरी बाबांनी दार वाजवलं नाही. पाण्यावरून एरवी घर डोक्यावर घेणारा माणूस तो.

आता बघा, इथून पुढे जे झालं ते मामामुळे झालं, असं मामा म्हणतो. मामाला हातात फोन आला की चित्रण केल्याशिवाय राहवत नाही. त्याच्या निम्म्या चित्रणांत नुसतं त्याचं बोट दिसतं. त्या दिवशी बोट नेमकं बाजूला होतं. रविवारी जेवताना त्यानं शर्यत सगळ्यांना दाखवली आणि शहाणीचा घास हातात राहिला. तिनं फोन ओढून घेतला, चित्र मागे नेलं, पुढे नेलं आणि एका जागी थांबवलं. ताईची छाती रेघेच्या खांबाशी पोचली होती. उंचाडी चांगली हातभर मागे होती.

"ताई," ती म्हणाली, "तू पहिली आलीयेस."

घरात एकच गलका झाला. मामा उठून नाचला, आई डोळे पुसायला लागली. बाबा तेवढे फोन हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. कुठे बसून काढलंस रे हे, असं त्यांनी मामाला विचारलंसुद्धा, पण त्या आरडाओरड्यात कुणाला ऐकू जाणार.

शहाणीच्या हाती आता आयतं चौथं पान आलं होतं. दुसऱ्याच दिवशी ती मुंगीला घेऊन बसली. खाली पोरांची डोकी आली होती, त्यामुळे जमिनीवरची चुन्याची रेघ चित्रात दिसतच नव्हती. मग शहाणीनं मोठ्या स्पर्धांच्या फोटोंत असते तशी, पडद्यावर वरून खाली सरळ, तांबडी रेघ स्वतःच ओढली, अलीकडच्या खांबाला लावून. मुंगी म्हणाली, पलीकडे आणखी एक खांब दिसतोय आणि चित्र जड होतंय. शहाणी म्हणाली, मग काप तो, मध्ये गिचमिड कशाला. मुंगीनं कापला. पान चटकन उघडायला लागलं. वर शहाणीनं मोठ्या अक्षरांत मथळा दिला, 'माणूस चुकतो, कॅमेरा नाही', आणि खाली शाळेचं नाव, शर्यतीची तारीख आणि 'निकाल तुम्हीच द्या'.

दोन दिवसांत साऱ्या शाळेनं निकाल दिला. आधी त्या वेबसाइटकडे कुत्रंही फिरकत नव्हतं, आता पाहणाऱ्यांचा आकडा नऊशेवर गेला. लोकांनी खाली अभिप्राय लिहिले. बाईंना चष्मा घेऊन द्या, असं एकानं लिहिलं. बाईंनी शिट्टी वाजवावी, निकाल देऊ नये, असं दुसऱ्यानं. शहाणी वाचून हसली. पुसायला हवं होतं, तिच्या हातात होतं, पण आकडा चढत होता ना. अशा वेळी भल्याभल्यांचा हात आखडतो, ती तर आठवीतली पोर.

मुख्याध्यापिकांनी चित्र पाहिलं आणि शिट्टीबाईंना बोलावलं. मी रेघेवर उभी होते, एवढंच बाई म्हणाल्या. पण नऊशे लोकांनी पाहिलेल्या चित्रापुढे एका बाईचं कोण ऐकतंय. निकाल फिरला. उंचाडीनं आंतरशालेय स्पर्धेसाठी मिळालेली शाळेची निळी जर्सी धुतली, इस्त्री केली आणि ताईच्या बाकावर आणून ठेवली. ताईनं ती घरी आणून दाराच्या खुंटीला टांगली, येता-जाता दिसेल अशी. घरात आनंदीआनंद होता. शहाणी तर जमिनीवर नव्हतीच.

पुढच्या रविवारी बाबांचा मदतनीस आला नाही. बाबा फरशी बसवायचं काम करतात. एका नव्या दवाखान्याच्या लांबलचक वऱ्हांड्यात काम चालू होतं आणि दोरी धरायला माणूस हवा होता. त्यांनी शहाणीला नेलं. ती एका टोकाला उभी राहिली आणि पाच मिनिटांत, सवयीप्रमाणे, सूचना द्यायला लागली. ती लांबची सातवी फरशी बाहेर आलीय, म्हणाली. बाबा म्हणाले, नाही आलेली. ती म्हणाली, मला स्पष्ट दिसतंय, चांगली बोटभर बाहेर आहे.

बाबांनी हातातली थापी खाली ठेवली.

"तू कुठून बघतेयस?"

शहाणीला प्रश्न कळला नाही. मग बाबांनी तिला खांद्याला धरून खाली बसवलं. दोरी दोन खिळ्यांना बांधली होती, एक तिच्या पायाशी, एक वऱ्हांड्याच्या त्या टोकाला. एक डोळा मीट, ते म्हणाले, आणि डोकं हळूहळू सरकव, दोन खिळ्यांचा एक खिळा दिसेपर्यंत. तिनं डोकं सरकवलं. पुढच्या खिळ्यामागे मागचा खिळा लपला. सातवी फरशी गुपचूप आपल्या रांगेत जाऊन बसली.

बाबा पुन्हा कामाला लागले. रेघेवरून बघितलं तर रेघ कळते, बाजूने बघितलं की जवळचं पुढे वाटतं आणि लांबचं मागे, असं काहीबाही ते सांगत होते. शहाणीला पुढचं ऐकू येईना. तिच्या डोळ्यांपुढे दोन खांब उभे राहिले होते, एक अलीकडचा, ज्याला तिनं तांबडी रेघ चिकटवली, आणि एक पलीकडचा, जो तिनं कापून टाकायला लावला.

तिथून ती थेट मुंगीच्या घरी गेली. मुंगीनं जुनं फोल्डर उघडलं. मूळ चित्रात दोन्ही खांब होते, आणि ते एकामागे एक नव्हते. चांगले लांब लांब होते. म्हणजे मामा रेघेवर बसलाच नव्हता.

"ह्यावरून कोण पहिलं ते सांगताच येत नाही," शहाणी म्हणाली.

"बाई तर सांगत होत्या," मुंगी म्हणाली. त्या दिवसातलं तिचं हे एकच वाक्य, पण शहाणीला ते बरोबर लागायचं तिथे लागलं.

आता खरं घोडं इथे अडलं. ही गोष्ट जगात दोघींनाच माहीत होती. मुंगी मरेपर्यंत बोलली नसती. आंतरशालेय स्पर्धा बारा दिवसांवर आली होती. शहाणी घरी आली तर ताई दारात बसून बुटांच्या नाड्या धूत होती आणि गुणगुणत होती. जर्सी खुंटीला होतीच. शहाणीनं दोन दिवस तोंड उघडलं नाही. घरात ती गप्प आहे हे पाहून आईनं तिच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं. मामा म्हणाला, चला, शहाणपण संपलं एकदाचं.

तिसऱ्या दिवशी तिला राहवलं नाही. संध्याकाळी गच्चीवर कपडे काढताना तिनं ताईला सगळं सांगितलं, खिळे, दोरी, खांब, सगळं. ताईनं हातातली चादर तशीच दोरीवर सोडली.

"तूच म्हणालीस पहिली आले," ती म्हणाली. "मी नव्हतं म्हटलं. मी रडून मोकळी झाले होते, शहाणे. विसरायला लागले होते. तू मला परत उभं केलंस आणि आता तूच पाडतेस?"

शहाणी रडायला लागली. ताईनं तिला जवळ घेतलं नाही, आणि का घ्यावं. ती खाली निघून गेली आणि त्या रात्री दोघींच्या अंथरुणांत हातभर अंतर होतं.

पण सकाळी साडेपाचला ताईनं तिला हलवून उठवलं. बाबांची दोरी घे, म्हणाली, आणि तुझ्या त्या मुंगीला बोलाव. मामाला फोन लावला. मामा अर्धवट झोपेत, एका गालावर साबण तसाच ठेवून आला.

मैदानावर कुणी नव्हतं. दोन्ही खांब जागच्या जागी होते. त्यांच्यामध्ये दोरी ताणून बांधली. शहाणी पहिल्या पट्टीत दोरीला छाती लावून उभी राहिली, मुंगी सहाव्या पट्टीत तशीच. म्हणजे दोघी अगदी बरोबरीनं. मामाला विचारून विचारून त्याची जागा शोधली. तो आधी म्हणाला इथे, मग म्हणाला तिथे, शेवटी पायरीवर त्या दिवशी सांडलेल्या सरबताचा डाग सापडला आणि त्याची खात्री पटली. रेघेपासून दोन पावलं अलीकडे. ताई तिथे बसली आणि बघितलं. मग ओरडली, शहाणे, मागे सरक, तू पुढे गेलीयेस. शहाणीनं दोरीला लागलेली छाती दाखवली. ताईनं मुंगीला बघितलं, मग मामाच्या फोनमधलं चित्र बघितलं, मग परत मुंगीला. चित्रात उंचाडी हातभर मागे होती. इथे मुंगी, बरोबरीनं उभी असून, हात आणि वर एक वीत मागे दिसत होती.

ती उठली. एक डोळा मिटून स्टँडच्या कडेनं हळूहळू सरकत गेली. दोन खांबांचं अंतर कमी कमी होत गेलं. शेवटी पलीकडचा खांब अलीकडच्या मागे गेला, दोघांचा एक झाला, आणि नेमकी तिथेच तिची नडगी कशावर तरी आपटली. ती शिट्टीबाईंची लाकडी घडवंची होती.

ताई तिच्या वरच्या पायरीवर जाऊन बसली. शहाणी येऊन खालच्या पायरीवर टेकली. मामाच्या गालावरचा साबण वाळून गेला होता.

"बाई इथे होत्या," ती म्हणाली. "वीतभर म्हणाल्या होत्या ना? वीतच आहे."

मग तिनं नडगी चोळली आणि शहाणीला हात दिला, उठवायला की स्वतः उठायला ते कळलं नाही. जर्सी तिनं स्वतः धुतली. इस्त्री करताना बाही जरा करपली, कारण डोळे भरून आले होते. उंचाडीच्या बाकावर ठेवताना तिनं सांगितलं, बाही माझ्यामुळे करपलीय, ह्यापुढे तुझं काही मी बिघडवणार नाही.

शिट्टीबाईंसमोर तिघी गेल्या तेव्हा शहाणीकडे रात्रभर पाठ केलेलं माफीचं भाषण होतं. दोन वाक्यांतच तिला रडू फुटलं. बाईंनी ते पुरं होऊ दिलं नाही. माफी मला एकटीला कशाला मागतेस, म्हणाल्या, चौथं पान नऊशे जणांनी वाचलंय ना. ते दुरुस्त कोण करणार?

शहाणीला ते पान मुळासकट उपटून टाकायचं होतं. मुंगीनं मान हलवली, ती उपटू देईना. शेवटी दोघींनी कापलेलं चित्र तसंच ठेवलं, त्याच्या शेजारी न कापलेलं चित्र, दोन्ही खांबांसकट, आणि तिसरं मैदानावरच्या दोरीचं, ज्यात मुंगी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः दिसत होती. मथळा बदलला, 'कॅमेरा कुठे ठेवला होता?' खाली शहाणीनं लिहिलं की पलीकडचा खांब मी कापायला लावला, तांबडी रेघ मी ओढली, ती खोटी होती, आणि बाईंबद्दल जे लिहिलं गेलं ते मी हसून राहू दिलं, ह्याची मला लाज वाटते. चष्म्याचा आणि शिट्टीचा, दोन्ही अभिप्राय पुसले. 'आम्ही काय शिकलो' ह्या पाचव्या पानावर सहकार्य आणि चिकाटीऐवजी एवढंच राहिलं की आधी चौथं पान वाचा. बाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, बरंय, पण उघडायला फार वेळ लागतो. तीन चित्रं होती, त्यातली दोन न कापलेली.

वेबसाइटच्या स्पर्धेत त्यांचा तिसरा नंबर आला. परीक्षकांनी शेरा दिला की माहिती प्रामाणिक आहे, रंगांकडे लक्ष द्यावं. बाबांनी तो शेरा मोठ्यानं दोनदा वाचून दाखवला.

शर्यतीचा निकाल पुन्हा उंचाडीच्या नावावर झाला होता. राहता राहिली आंतरशालेय स्पर्धा. तिथे प्रत्येक शाळेनं रेघेवर नजर ठेवायला एकेक जण द्यायचा असतो, आणि कुठल्या शर्यतीला कोण, ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. शिट्टीबाईंनी शाळेकडून ताईचं नाव दिलं. ताई म्हणाली, मला नका पाठवू, मी पळायला जाणार होते तिथे नुसती उभी कशी राहू. त्या पहाटे घडवंचीवर बसलेलं पाहिलंय मी तुला माझ्या घराच्या खिडकीतून, एवढं म्हणून बाई निघून गेल्या. आणि चिठ्ठीत नेमकी मुलींच्या शंभर मीटरची अंतिम शर्यत निघाली.

स्टँडमध्ये सगळं घर आलं होतं. शहाणी फोन घेऊन आधीच जाऊन बसली होती, एक डोळा मिटून, खांबामागे खांब लपवून, आणि मामानं तिच्याजवळ यायचं नाही असा तिचा हुकूम होता. उंचाडी करपलेल्या बाहीची निळी जर्सी घालून तिसऱ्या पट्टीत उभी राहिली.

काय पळाली ती. ऐंशी मीटरपर्यंत एकटी पुढे होती, मग दुसऱ्या शाळेची एक ठेंगणी मुलगी चौथ्या पट्टीतून आली आणि दोघी खांद्याला खांदा लावून रेघेत घुसल्या. स्टँड उभं राहिलं. दोन्हीकडून आमची पहिली, आमची पहिली असा ओरडा सुरू झाला. सगळ्यांच्या नजरा तिथल्याही तीन पायऱ्यांच्या घडवंचीकडे वळल्या आणि त्यावर ताई उभी होती.

आता जरा तिच्या जागी उभे राहून बघा. उंचाडी जिंकली म्हणावं तर आपल्या शाळेचं म्हणून म्हणाली असं समोरचे म्हणणार. हरली म्हणावं तर मनातला डूख काढला असं आपलेच म्हणणार. आणि ज्या जागेसाठी वर्षभर पहाटे उठली, ती जागा मिळालेली उंचाडी चार हातांच्या अंतरावर धापा टाकत होती. ताईनं हात वर केला.

"चौथी पट्टी पहिली," ती म्हणाली. "तिसरी पट्टी दुसरी. चार बोटांनी."

आपल्या स्टँडमधून एकदम हुर्यो उठली. कुणीतरी ओरडलं, बघा, सूड घेतला. शहाणी फोन डोक्यावर धरून कठड्यावरून खाली उडी मारणार, तेवढ्यात बाबांनी तिची कॉलर पकडली. माझ्याकडे चित्रण आहे, ती ओरडत होती, रेघेवरून काढलंय, बघा ना कुणीतरी.

उंचाडी गुडघ्यांवर हात टेकून वाकली होती. ती सरळ झाली, तिला सरळ व्हायला वेळ लागतोच, आणि घडवंचीपाशी आली. वर बघितलं.

"तू रेघेवर होतीस ना?"

ताईनं मान डोलावली.

"मग झालं," उंचाडी म्हणाली, आणि ताईला खाली उतरायला हात दिला.

हुर्यो थांबली. ताई त्या तीन पायऱ्या उतरली आणि शेवटच्या पायरीवर तिला रडू आलं, पण हे रडणं वेगळं होतं, न्हाणीघरातलं नव्हतं. उंचाडीनं तिला मिठी मारली आणि ताईचं डोकं कसंबसं तिच्या खांद्यापर्यंत पोचलं. रेघेच्या पलीकडच्या टोकाला शिट्टीबाई उभ्या होत्या. त्यांनी उगाचच शिट्टी तपासून पाहिल्यासारखं केलं आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

शहाणीच्या फोनमध्ये सगळं होतं. दोन खांबांचा एक खांब, आणि चार बोटं म्हणजे बरोबर चार बोटं. तिनं ते चित्रण मामाला दाखवलं, आईला दाखवलं, पुढे बसलेल्या अनोळखी बाईंनाही दाखवायला गेली. कुणालाच बघायची गरज वाटत नव्हती. शेवटी तिनं फोन बंद केला, खिशात टाकला आणि ताईला भेटायला धावत सुटली.